पाहुण्यांना द्यायचे साबण

हॉटेलातल्या पोरी तिला ईमावशी म्हणायच्या. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे हेच नाव. ती तिसऱ्या मजल्यावरची खोली उघडायची आणि पार जिन्यापर्यंत ऐकू यायचं, "ई! अगं बाई गं! माणसं राहिली होती की कोण राहिलं होतं इथे?" मग खिडक्या धाडधाड उघडल्याचा आवाज, बादलीत पाणी पडल्याचा आवाज, आणि थोड्या वेळानं बाथरूममधून पुन्हा एक लांबलचक "ई!"

आता तुम्ही म्हणाल, इतकी किळस येते तर बाईनं दुसऱ्यांची बाथरूम घासायचं काम धरलंच कशाला? हेच तिला जन्मभर सगळ्यांनी विचारलं. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्याला घाण दिसतच नाही तो साफ काय कपाळ करणार?" आणि ते खोटं नव्हतं. नवरा अकाली गेला, पदरात लहान पोर, तेव्हा मिळालं ते काम तिनं धरलं, आणि धरलं ते असं धरलं की तिनं घासलेल्या नळात तोंड बघावं. सुपरवायझर महागातल्या खोल्या तिलाच द्यायचा. महागातले लोक जास्त घाण करतात हे त्याला माहीत नसावं, किंवा चांगलंच माहीत असावं.

काय काय पाहिलं नव्हतं तिनं! चहाच्या कपात भिजत घातलेली कवळी. बशीत गोळा करून ठेवलेली पायाची नखं, जणू काही कुणी नंतर येऊन खाणार आहे. तोंड पुसायच्या टॉवेलनं पुसलेले बूट. आणि ही सगळी शिकलीसवरलेली, अत्तर लावून हिंडणारी, लिफ्टमध्ये तिच्या ट्रॉलीपासून कपडे सावरून उभी राहणारी माणसं. पण ह्या सगळ्याहून तिला जास्त शिसारी यायची ती साबणाची. हॉटेलातली ती छोटी पांढरी वडी. माणूस राहून गेला की बेसिनवर उरायचा बोटभर चपटा तुकडा, आणि त्या तुकड्याला चिकटलेला एक केस. डोक्याचा असता तर तिनं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण तो डोक्याचा नसायचा. हातात मोजे असूनही ती कागदाच्या चिमटीत धरून, तोंड फिरवून तो तुकडा कचऱ्यात टाकायची आणि मागोमाग मोजेही.

घरी आल्यावर दारातच कपडे बदलायचे, आंघोळ करायची, मगच स्वयंपाकघरात पाय. तिचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, आणि दुसऱ्याच्या घरी ती पाणीसुद्धा प्यायची नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिच्याकडे येणं केव्हाच कमी केलं होतं. कोण जाईल हो तिथे? तुम्ही उठलात की तुमच्या पाठीमागे ती खुर्ची पुसणार, आणि तेही तुम्ही दारातून बाहेर पडायच्या आत.

हे सगळं तिच्यापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण ते लेकीच्या आड आलं.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. शांत, कमी बोलणारी, आईच्या अगदी उलट. तिला एक मुलगा आवडला होता. सगळं जमत आलं होतं. मायलेकी त्याच्या घरी गेल्या, चहा आला. ईमावशीनं कप उचलला आणि तिला काठावर कुणाच्या तरी ओठांचा लाल डाग दिसला. तोंडातून गेलंच. "ई!" मोठ्यानं नाही, पण नेमकं त्याच क्षणी दुसरं कुणी बोलत नव्हतं. मुलाच्या आईचा चेहरा असा झाला, जणू कुणी थोबाडीत दिली असावी. आठवड्याच्या आत निरोप आला, की तुमचं नाक फार वर आहे, आमच्या घरात ते मावायचं नाही.

लेक रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. कितीतरी महिने ती आईशी कामापुरतं बोलली. एकदाच काय ते म्हणाली, "आई, तुला माणसं नकोच असतात गं. तुला फक्त धुतलेली भांडी हवी असतात."

आणि आता दुसऱ्यांदा जमलं होतं. मुलगा बेकरीवाल्यांचा. पावाची गाडी चालवायचा, सकाळी उठून दुकानादुकानांत आणि हॉटेलाहॉटेलांत पाव टाकायचा. हसरा, भला मुलगा, हातांना कायम पिठाचा वास. त्याच्या घरी जायच्या आदल्या दिवशी लेकीनं आईला समोर बसवलं.

"ह्या वेळी तुझ्या तोंडामुळे माझं लग्न मोडलं ना, तर मी पुन्हा करणार नाही. आणि इथे तुझ्याजवळही राहणार नाही. सांगून ठेवते."

"मी काय मुद्दाम करते का गं?"

"मुद्दाम करत नाहीस म्हणूनच सांगतेय. ई म्हणायचं नाही. आणि नुसतं म्हणायचं नाही असं नाही, तोंडसुद्धा तसं करायचं नाही."

ईमावशीनं मान डोलावली. लेक जे बोलते ते करते, हे तिला ठाऊक होतं. हिनं खरंच घर सोडलं तर मागे काय उरेल? चकचकीत दोन खोल्या, आणि त्यांत पुसायलासुद्धा कुणाचा डाग नाही.

पण नशीब पाहा. विहीण मिळाली तीच कशी मिळाली!

बाई मनानं सोन्यासारखी, ह्यात वाद नाही. दंडापर्यंत पीठ, हसली की गल्लीत ऐकू जाईल. पण गिऱ्हाईक आलं की ती आधी बोट चाटायची, चाटलेल्या बोटानं कागदी पिशवी सुटी करायची, मग पिशवीत फू करून तिला फुगवायची आणि तिच्यात पाव टाकायची. सुरी एप्रनला पुसायची. नाकही त्याच एप्रनला, फक्त दुसऱ्या कोपऱ्याला. "घाण" हा शब्द तिला माहीत होता की नाही कोण जाणे. पहिल्याच भेटीत तिनं एका केकचा तुकडा तोडला, अर्धा स्वतः चावला, "वा! आज मस्त झालाय!" म्हणाली, आणि उरलेला अर्धा थेट ईमावशीच्या तोंडापाशी आणला. "घ्या विहीणबाई, माझ्या हातचा!"

लेक समोर बसली होती. ईमावशीनं तोंड उघडलं आणि गिळला. चावला नाही, गोळी गिळतात तसा सबंध गिळला, वर हसली. घरी आल्यावर तिनं इतक्या वेळा चूळ भरली की हिरड्या दुखायला लागल्या.

लग्न साधंच करायचं ठरलं. शाळेचं सभागृह, दोन्हीकडची माणसं, सह्या, जेवण आणि निरोप. छोटे केक बेकरीवाले करणार होते. प्रत्येक पाहुण्याला हातात काहीतरी छोटीशी भेट द्यायची, ती मुलीकडून. पैसा काही फार नव्हता, तेव्हा घरीच करू म्हणून मायलेकी बसल्या. मेणबत्त्या महाग पडत होत्या, कुंडीतली रोपं तेवढ्या दिवसांत वाढणार नव्हती. लेकीनं फोनवर शोधून शोधून काढलं, साबण! साबणाची लादी विकत आणायची, वितळवायची, रंग आणि वास घालायचा, साच्यात ओतायची, कागदात बांधून वर दोरा. ईमावशीचा चेहरा इतका खुलला की लेकीला हसू आलं. साबणासारखी स्वच्छ वस्तू जगात दुसरी कुठली? त्या सगळ्या चाटलेल्या-फुंकलेल्या लग्नात एक तरी गोष्ट निर्मळ असेल, आणि ती आपल्या हातची असेल. दोन दिवस ती साबणाशिवाय दुसरं बोलली नाही.

आणि मग विहीणबाईंच्या कानावर गेलं.

"साबण? आणि विकत?" मायलेकी बेकरीत गेल्या तशी ती गल्ल्यामागून ओरडली. "अहो विहीणबाई, तुम्ही हॉटेलात आहात ना! नदीकाठी राहून पाणी विकत घेता काय?"

ईमावशी म्हणाली, "नव्या वड्यांना आम्हाला हात लावता येत नाही हो. ती चोरी होते."

"नव्या कोण म्हणतंय? वापरलेल्या! पाहुणे दोनदा हात धुतात आणि टाकून जातात. सगळं जातं कचऱ्यात. गोळा करायचे, उकळायचे, ओतायचे. उकळल्यावर काय राहतंय त्यात? कल्पना कशी आहे?"

ईमावशीच्या डोळ्यांसमोर एक बोटभर चपटा तुकडा आला, केसासकट. तिनं वळून पाहिलं तर लेकीची नजर तिच्या तोंडावर खिळलेली. लुकलुकणाऱ्या विजेच्या दिव्याकडे बघावं तशी, आता जातो की मग जातो.

"हं," ईमावशी म्हणाली.

त्या एका "हं"नं घात केला. तिला वाटलं होतं, बाई बोलघेवडी आहे, विसरून जाईल. कुठली विसरतेय! बेकरीचा पाव रोज हॉटेलात जायचा. विहीणबाई एक दिवस स्वतः गाडीत बसून गेली, सुपरवायझरला दोन गरम पाव खिलवले आणि सांगून आली, सगळ्या मजल्यांवरचे वापरलेले साबण एका पोत्यात जमा करा, तुमच्याच बाईच्या मुलीचं लग्न आहे. त्या मेल्याला काय, कचरा तेवढाच कमी! पोरींना तर ऊत आला. रोज कोणी ना कोणी ईमावशीला हाक मारून सांगायची, "मावशी, आज माझ्याकडून पाच टाकले हं, मुलीला आहेर!" आणि तोंडावर हात दाबून हसायची. ईमावशी ट्रॉली ढकलत पुढे जायची. तिसऱ्या मजल्यावरचा एकही तुकडा मात्र तिनं त्या पोत्यात पडू दिला नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दारात पावाची गाडी थांबली. विहीणबाई उतरली, आणि तिच्यामागून नवरा मुलगा पाठीवर पोतं घेऊन उतरला. पाव ज्या गाडीतून जातो त्याच गाडीतून ते पोतं आलं होतं, हे ईमावशीच्या ध्यानात आलं आणि तिनं मनातल्या मनात पाव सोडला. मुलगा पोतं ठेवून निघून गेला. विहीणबाईनं ते उचललं आणि, अरे देवा, सरळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडं केलं.

साबणांचा ढीग पडला. पांढरे, पिवळट, करडे. काही कोरडे भेगाळलेले, काही अजून बुळबुळीत, एकमेकांना चिकटून लोळागोळा झालेले. काहींत नखाचे ओरखडे. एकात दाढीच्या केसांची पावडर रुतून बसलेली. एकाला जखमेवर लावायची पट्टी चिकटलेली, वापरलेली. आणि केस तर विचारू नका. सरळ, कुरळे, काळे, पांढरे, सगळ्या वयांचे आणि सगळ्या ठिकाणांचे. वास असा की शंभर माणसं एका न्हाणीत कोंडून ठेवलीयत.

"बघा, किती जमले!" विहीणबाई आनंदानं म्हणाली. "आणा किसणी."

किसणी ईमावशीची रोजच्या वापरातली होती. पातेलंही. तिनं मुकाट्यानं दोन्ही पुढे केली, आणि त्याच वेळी मनात त्यांना शेवटचा राम राम ठोकला. लेकीनं विचारलं, "मी काय करू?" तर तिला बाहेरच्या खोलीत कागद कापायला पिटाळलं. मग दोघी विहिणी बसल्या. ईमावशी चिमट्यानं एकेक केस उपटत होती, श्वास रोखून, पाण्याखाली असल्यासारखी. विहीणबाई अंगठ्याच्या नखानं साबण खरवडत होती, गप्पा मारत होती, मध्येच त्याच हातानं कान खाजवत होती, मध्येच डब्यातलं बिस्कीट खात होती. "घ्या ना तुम्हीपण," म्हणून तिनं एक पुढे केलं. त्या बिस्किटावर साबणाचा किसलेला कीस होता. ईमावशी म्हणाली, "आज माझं पोट बरं नाही." तेवढं मात्र खरं होतं.

पातेलं चढलं. कीस विरघळला आणि वर साय आली, करडी, बुडबुडे फुटणारी, आणि त्या सायीवर जे चिमट्यातून निसटलं होतं ते सगळं वळवळत वर आलं. वाफेबरोबर तो वास घरभर पसरला, पडद्यांत गेला, उशांत गेला. ईमावशी बाथरूममध्ये गेली, नळ पूर्ण सोडला, आणि ओकली. बाहेर आली तर दारात लेक उभी.

"आई, मी सांगते त्यांना. नको म्हणून सांगते. राहू दे हे."

"आणि काय सांगशील? माझ्या आईला तुमची शिसारी येते?"

लेकीनं आत जाऊन नळ बंद केला.

"जा, कागद काप," ईमावशी म्हणाली. "मी करते."

आणि तिनं केलं. विहीणबाईला एकदा उकळणं पुरेसं होतं, हिनं पुन्हा पुन्हा उकळलं. साय काढली, फडक्यातून गाळलं, नवं फडकं घेतलं, पुन्हा गाळलं. शेवटी पातेल्यात राहिलं ते दुधासारखं दिसत होतं. त्यात लिंबाचा वास घातला. डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. पण तिला माहीत होतं ना! माहीत असलेलं कुठल्या फडक्यातून गाळणार?

ओतायला साचे विहीणबाईनं आणले होते. कसले, तर बेकरीतले. छोटे केक करायचे.

"हे साचे मग नंतर...?" ईमावशीनं चाचरत विचारलं.

"नंतर काय, धुवायचे. साबणच तर ओततोय, आपोआप धुतले जातील!" आणि ती अशी हसली की टेबल हललं.

बांधून झाल्यावर ते साबण देखणे दिसायचे, हीच तर चीड होती. फुलासारख्या कडा, पांढरा कागद, निळा दोरा. ईमावशीला ते पाहून आणखीच मळमळायचं. उघडी घाण निदान सांगते तरी, की मी घाण आहे.

लग्नाच्या दिवशी सभागृहात लांबच्या लांब टेबलं मांडली होती आणि प्रत्येक ताटाशेजारी एक पुडी. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. नवरा मुलगा नव्या कोटात घाबरलेला, लेक इतकी सुंदर दिसत होती की ईमावशीला घडीभर सगळ्याचा विसर पडला. घडीभरच. कारण लोक बसले आणि पुड्या उघडायला लागले.

"अय्या, घरी केलेत? किती गोड!" म्हणत बायका ते साबण नाकाला लावत होत्या. नाकाला! एकीनं डोळे मिटून गालावरून फिरवला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मिठाई समजून कड चावली आणि थुंकली. ईमावशी कोपऱ्यात बसून हे बघत होती आणि तिच्या पायाची बोटं बुटात आकसून गेली होती. मागच्या टेबलावर हॉटेलातल्या पोरी बसल्या होत्या. त्यांनी पुड्यांना बोट लावलं नव्हतं, नुसत्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

नवऱ्या मुलाची आत्या अगदी मध्यावर बसली होती. बेकरीची जागा तिच्या मालकीची, त्यामुळे ती बसेल ते मध्य. साबण हुंगून तिनं पसंतीची मान हलवली होती. मग तिनं केक उचलला, एक घास घेतला, आणि थांबली.

"ह्याला साबणाची चव का येतेय?"

दुसरी कुणी असती तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पण विहीणबाईनं आयुष्यात काही लपवलं असेल तर शपथ! ती खो खो हसली. "अहो वन्सं, साच्यांना राहिला वाटतं वास! साबण त्यातच ओतले होते ना आम्ही. पण साबण कसे झालेत सांगा! एक पैचा खर्च नाही. सगळे हॉटेलातले वापरलेले, पाहुण्यांनी टाकलेले. ह्या विहीणबाईंच्या हॉटेलातले!"

सभागृहातला गलबला थांबला. मग खुर्च्या सरकल्या. कुणी काट्यानं पुडी लांब ढकलली, कुणी नाकाचा शेंडा रुमालानं चोळायला लागलं. गालावरून साबण फिरवलेल्या बाई तर रडायच्या बेतात होत्या. आणि सगळीकडून एकच आवाज येत होता. "ई! शी! ई गं!"

"दुसऱ्यांच्या अंगाचे साबण!" आत्या उभी राहिली. "आमच्या ताटाला लावून ठेवले?"

"उकळलेत हो," विहीणबाई बारीक आवाजात म्हणाली. आपण केलं त्यात काही वाईट असू शकतं, हे त्या बिचारीला आत्ता पहिल्यांदा कळत होतं. तिचं तोंड एवढंसं झालं. पण आत्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं, ती नवरीकडे वळली होती.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते न कळायला मी दूधखुळी नाही. आई हॉटेलात संडास घासते, तर मुलगी घरात दुसरं काय घेऊन येणार? असल्या घाणेरड्या घरातली पोर आमच्या घरात वावरणार! मी तरी हिच्या हातचं पाणी प्यायची नाही, आणि माझ्या जागेत राहणाऱ्यांनीही विचार करावा."

नवरा मुलगा "आत्या, अगं ऐक..." एवढंच म्हणत राहिला. विहीणबाई जमिनीकडे बघायला लागली. लेकीनं ना नवऱ्याकडे पाहिलं, ना आत्याकडे. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

ईमावशीची गंमत बघा. आत्या साबणाबद्दल बोलली त्यातला शब्दन् शब्द तिला पटला होता. तेच शब्द तिच्या पोटात इतके दिवस साचले होते. आणि तरी ते त्या बाईच्या तोंडून ऐकताना तिला जी किळस आली, तशी कुठल्या साबणाचीही आली नव्हती. ही बाई तिला पुरती ओळखीची होती. ह्याच बायकांच्या खोल्या तिनं जन्मभर झाडल्या होत्या. बशीत नखं टाकून जाणाऱ्या ह्याच.

ती उठली. आत्याच्या ताटाशेजारचा साबण उचलला, दोरा तोडला, कागद टेबलावर टाकला. सभागृहाच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, तिथपर्यंत चालत गेली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं नळ सोडला, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग दोन्ही हातांनी साबण तोंडाला लावला.

मागून एक पोर किंचाळली, "अगं बाई! ईमावशी!" तोंडावर, सगळ्यांसमोर. दुसरी खुर्चीवरून उठून उभी राहिली. काय चाललंय ते त्या सभागृहात लेक सोडली तर फक्त त्यांनाच कळत होतं.

कपाळ, गाल, मान, कानांच्या मागे. ती घासत होती आणि तिला एकेक तुकडा आठवत होता. तो दाढीच्या पावडरीचा. तो पट्टीवाला. फेस ओठांतून आत गेला, जिभेवर कडू तवंग आला, पोटातून उमासा आला आणि घशात येऊन थांबला. तिनं तो गिळला. मग तशीच, डोळे मिटलेली, हनुवटीवरून फेस गळतोय अशी ती वळली.

"ह्यातला एकेक केस मी माझ्या हातानं काढलाय. साबण उकळून उकळून गाळलाय. ह्यात आता काही नाही. घाण काय असते ते ह्या खोलीत माझ्याएवढं कुणाला माहीत नाही. माझ्या लेकीला घाणेरडी म्हणायचं असेल तर इथे या, माझ्या तोंडाकडे बघा, आणि मग म्हणा."

कुणी आलं नाही. आत्या "हूं!" करून पर्स शोधायला लागली आणि ती सापडल्यावर चालती झाली. तिच्यामागून चारदोन माणसं गेली. बऱ्याच पुड्या टेबलावर तशाच पडून राहिल्या, त्या काही कुणी नेल्या नाहीत. पण नवऱ्या मुलानं आपली पुडी उचलून कोटाच्या खिशात घातली. आणि विहीणबाई हुंदका देत उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "कल्पना माझी होती! बाईनं नको नको केलं असणार, मलाच मेलीला कळलं नाही!" आणि एप्रन नव्हता म्हणून नव्या कपड्यांच्या कोपऱ्याला तिनं नाक शिंकरलं.

लेक गर्दीतून वाट काढत बेसिनपाशी आली. तिच्या हातात टेबलावरचा स्वच्छ रुमाल होता. आईच्या तोंडाकडे पाहून तिचे डोळे भरून आले होते. तिनं रुमाल खांद्यावर टाकला, आईच्या शेजारी उभी राहिली, नळाखाली हात ओले केले आणि तो साबण उचलायला हात पुढे नेला.

ईमावशीनं एक डोळा उघडला आणि खाडकन तिचं मनगट धरलं.

"खबरदार हात लावलास तर," ती फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "किती जणांच्या काखेतून फिरून आलाय तो."